पस्तिशीनंतरची शुश्रूषा

अमेरिकेतलं यादवी युद्ध ऐन भरात असताना, जुलै १८६२मध्ये, उत्तरेकडच्या सैन्याच्या रुग्णालयांसाठी परिचारिका निवडणाऱ्या डोरोथिया डिक्स यांनी एक परिपत्रक काढलं. पस्तिशीच्या आतल्या आणि पन्नाशीच्या पुढच्या बायकांना घेतलं जाणार नाही, असं त्यात होतं. कपडे तपकिरी, करडे किंवा काळे असावेत, दागदागिने नकोत, अशाही अटी होत्या. डिक्स स्वतः तेव्हा साठ वर्षांच्या होत्या. आज भारतात तीन वर्षांच्या जीएनएम अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा, तर भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमानुसार वय कमीत कमी १७ आणि जास्तीत जास्त ३५ लागतं. आकडा तोच. तिथे ज्या वयाला दार उघडत होतं, त्याच वयाला इथे ते बंद होतं.

दोन्हीकडचा हिशोब समजण्यासारखा आहे. तरुण मुली आणि जखमी शिपाई एका छपराखाली आले तर लोक काय म्हणतील, ही धास्ती डिक्सबाईंच्या अटींमागे होती. आपल्याकडच्या मर्यादेच्या बाजूनेही पुष्कळ बोलता येईल. शिक्षणाच्या जागा थोड्या, त्यावर होणारा खर्च मोठा, पुढे नोकरीची वर्षं किती उरणार, रात्रपाळ्या झेपतील का, पेशंटला उचलताना पाठ साथ देईल का. एका नियमाला तारुण्याचा भरवसा नाही, दुसऱ्याला प्रौढपणाचा. दोन्ही नियम येणाऱ्या बाईची पारख करतात. अंथरुणावर पडलेल्या माणसाच्या बाजूने पाहिलं तर या आकड्याचा अर्थ काय होतो, हा प्रश्न तसाच राहतो.

हा आकडा माझ्यापुढे आला तो एका मैत्रिणीमुळे. ती बडोद्याची, मराठी घरातली, वय ४६. बँकेत वीसेक वर्षं काढली. आईच्या आजारपणाची शेवटची दोन वर्षं तिने घरीच निभावली आणि आई गेल्यानंतर वर्षभराने ठरवलं, की नर्स व्हायचं. समाजसेवा करायची, एखाद्या संस्थेत जाऊन बसायचं, असं तिचं म्हणणं नव्हतं. रीतसर शिकायचं, गणवेश घालायचा, पाळी करायची, पगार घ्यायचा. प्रवेशाची चौकशी केली तेव्हा वयाची अट कळली. घरच्यांना हायसं वाटलं. काहींनी सुचवलं, की एवढीच हौस असेल तर आठवड्यातून दोनदा रुग्णालयात जाऊन फळं वाट. हे सगळं तिने मला हसत हसत सांगितलं. मग फोन ठेवताना जे विचारलं ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. ती म्हणाली, “मला दारं बंद आहेत ते सोड. ती उघडी असती तरी मी जाणं योग्य होतं का? लोकांच्या आजारपणात मी माझ्या आयुष्याचा अर्थ शोधायला निघाले आहे, असं नाही ना?”

हा प्रश्न अठरा वर्षांच्या मुलीला कुणी विचारत नाही. केरळातल्या एखाद्या गावातली मुलगी नर्सिंगला जाते तेव्हा तिच्यापुढे नोकरी असते, घरचं कर्ज असतं, आखातातली किंवा युरोपातली संधी असते. तिचा हेतू पोटाचा आहे म्हणून तिच्या हातून घेतलेल्या इंजेक्शनची आपल्याला शंका येत नाही. मध्यम वयात येणारं माणूस मात्र बहुतेक वेळा एक गोष्ट घेऊन येतं. कुणाची तरी आई गेलेली असते, कुणी स्वतः मोठ्या दुखण्यातून उठलेलं असतं, कुणाला आधीच्या नोकरीत आपण नुसते कागद हलवले असं वाटत असतं. गोष्ट खरी असते, पण ती येणाऱ्याची असते. खाटेवरच्या माणसाने त्या गोष्टीत भूमिका मागितलेली नसते. शिवाय तो नको म्हणून उठून जाऊ शकत नाही. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नका, हे कांटचं म्हणणं आपण तत्त्वज्ञानाच्या तासाला शिकतो आणि विसरतो. लघवीची पिशवी लावून पडलेल्या माणसाच्या खोलीत ते म्हणणं फार जवळ येतं. कारण दुसऱ्याच्या उपयोगी पडण्याची माझी गरज भागवायला तो तिथे पडलेला नाही.

तुलनात्मक साहित्याच्या एम.ए.ला असताना वॉल्ट व्हिटमन वाचला होता. तेव्हा त्याची रुग्णालयातली वर्षं ही कवितेची पार्श्वभूमी म्हणून वाचली. आता मैत्रिणीच्या प्रश्नाच्या निमित्ताने ती वेगळी दिसू लागली. डिसेंबर १८६२. जखमींच्या यादीत भावाचं नाव छापून आलेलं पाहून व्हिटमन व्हर्जिनियात रणभूमीजवळच्या छावणीत पोचला. तेव्हा त्याचं वय ४३. भावाची जखम किरकोळ निघाली, पण तिथल्या रुग्णालयाबाहेर, झाडाखाली, कापून टाकलेल्या हातापायांचा ढीग त्याने पाहिला. तो परतला नाही. वॉशिंग्टनमध्ये एका कचेरीत नक्कल उतरवण्याचं काम धरून उरलेला वेळ तो रुग्णालयांमध्ये घालवू लागला. त्याच्याच हिशोबाने तीन वर्षांत सहाशेहून जास्त फेऱ्या झाल्या. तो संत्री न्यायचा, तंबाखू न्यायचा, कागद आणि तिकिटं न्यायचा, आणि ज्यांना लिहिता येत नव्हतं किंवा ज्यांचा लिहिता हात उरला नव्हता त्यांची घरची पत्रं लिहून द्यायचा. १८६४च्या उन्हाळ्यात त्याची स्वतःची प्रकृती बिघडली आणि काही महिने त्याला घरी जाऊन राहावं लागलं.

व्हिटमनला यातून काही मिळत नव्हतं का? भरपूर मिळत होतं. माणसांचा सहवास मिळत होता, लिहायला विषय मिळत होता, चाळिशी उलटल्यावर आपण कशाच्या तरी कामी येतो आहोत ही भावना मिळत होती. हेतू तपासायला बसलं तर तो निर्मळ ठरणार नाही. पण आईला पत्र पाठवू पाहणाऱ्या मुलाला त्याचा काय तोटा झाला? त्याला अक्षर चांगलं हवं होतं, सांगितलं ते लिहिणारा माणूस हवा होता, आणि उद्या येतो म्हटल्यावर उद्या येणारा हवा होता. व्हिटमनला जे येत होतं ते त्याने केलं. कवीला पत्र लिहिता येतं, म्हणून त्याने पत्रं लिहिली. उद्या माझी मैत्रीण गेली तर तिला काय येत असेल, हा मग पुढचा प्रश्न.

इथे आपली भाषा मदतीला येते. ‘काळजी’ हा शब्द मराठीत दोन क्रियापदांबरोबर चालतो. काळजी करणं आणि काळजी घेणं. पहिलीत माणूस खिडकीशी उभा राहतो, फोनकडे पाहतो, रात्री जागतो. दुसरीत तो उठून पाणी गरम करतो. नाम एकच असल्यामुळे आपल्याला वाटतं की पहिली पुष्कळ झाली की दुसरी आपोआप होते. तसं होत नाही. घरात काळजी करणारी सहा माणसं असतात आणि म्हाताऱ्याची कूस दिवसभरात एकदाही बदललेली नसते. फारसीतल्या ‘तीमार’मध्ये असाच दुहेरी अर्थ आहे, दुःख-चिंता आणि रुग्णाची सेवा. हिंदी-उर्दूतली ‘तीमारदारी’ त्यातूनच आली. म्हणजे दुःख आणि उपचार एकाच शब्दात बांधण्याची ही ओढ आपल्या एकट्यांची नाही.

‘शुश्रूषा’ मात्र वेगळ्या वाटेने आलेला शब्द आहे. ‘श्रु’ म्हणजे ऐकणं. शुश्रूषा म्हणजे मुळात ऐकण्याची इच्छा. गुरूचं ऐकणं, त्यातून गुरूची सेवा आणि पुढे आजाऱ्याची सेवा, असा तो सरकत आला. मी गेली वीस वर्षं कोलकात्यात राहते. इथे कुणाला सांभाळण्यासाठी रोजचा शब्द आहे ‘देखाशोना’, म्हणजे पाहणं-ऐकणं. आपली ‘देखभाल’ दोन्ही तुकड्यांत पाहतच राहते. बंगालीने त्यात कान घातला आहे. या शब्दांमध्ये दया नाही, त्याग नाही. समोरच्याकडे लक्ष देण्याची एक कृती आहे, आणि कृती शिकता येते.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात उपचाराचे चार पाय सांगितले आहेत. वैद्य, औषध, परिचारक आणि स्वतः रोगी. परिचारकाचे गुणही चार सांगितले आहेत. उपचाराचं ज्ञान, दक्षता म्हणजे हाताचं कौशल्य, ज्याचं करायचं त्याच्याविषयी अनुराग, आणि स्वच्छता. क्रम पाहण्यासारखा आहे. माया तिसरी येते. ज्ञान आणि हात तिच्याआधी. ती वगळलेली नाही, ती असायलाच हवी, पण यादी तिने सुरू होत नाही. वयाचा उल्लेखही नाही.

काही वर्षांपूर्वी घरी रुग्ण सांभाळणाऱ्यांसाठीची एक पुस्तिका मी इंग्रजीतून मराठीत आणली. कथा-कादंबऱ्यांच्या अनुवादात वाक्य थोडं इकडचं तिकडे झालं तर समीक्षक ओरडतात. या कामात एखादं क्रियापद इकडचं तिकडे झालं तर कुणाच्या तरी पाठीला जखम होणार होती. स्वतः कूस बदलू न शकणाऱ्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची. त्याला चादरीवरून ओढायचं नाही, घासलं जाऊन कातडी सोलवटते. दोघांनी चादरीसकट उचलून सरकवायचं. टाचा, माकडहाड, खुबे, कोपरं रोज पाहायची. भरवताना बसतं करायचं आणि जेवण झाल्यावर अर्धा तास तरी आडवं करायचं नाही, नाहीतर घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली ठेवायची, पण जमिनीला टेकू द्यायची नाही. अंगाला हात लावण्याआधी काय करणार आहोत ते सांगायचं. पेशंट बेशुद्ध असला तरी सांगायचं.

एका सूचनेपाशी मी बराच वेळ थांबले. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या कातडीवर लाल डाग दिसला आणि बोटाने दाबून तो फिका पडला नाही, तर ती शय्याव्रणाची सुरुवात समजावी, असं मूळ मजकुरात होतं. पण सावळ्या-काळ्या कातडीवर तो लालपणा दिसतोच असं नाही. तिथे हाताने पाहावं लागतं. ती जागा भोवतालच्या कातडीपेक्षा गरम आहे का, कडक झाली आहे का, दुखते आहे का. हे मूळ पुस्तिकेत पुढे एका ओळीत होतं. मराठीत ते पहिल्यांदा यायला हवं, असं मी संस्थेला सुचवलं आणि त्यांनी ते मान्य केलं. तेव्हा मला परिचर्येतली एक गोष्ट कळली. दुसऱ्याचं शरीर ही वाचायची वस्तू आहे आणि ती ज्या लिपीत आहे त्या लिपीत वाचावी लागते. प्रेमाने नुसतं पाहत बसल्याने ती येत नाही.

मैत्रिणीला मी याच ठिकाणी नेलं. आईचं दोन वर्षं केलं म्हणजे निम्मी नर्स झालेच, असं तिला वाटत होतं. तसं वाटणं साहजिक आहे आणि त्यातच धोका आहे. आईचं शरीर तिच्या ओळखीचं होतं. आई कण्हली तर कुठे दुखतं ते तिला कळत होतं. घाईत पाणी गार राहिलं तर आईने समजून घेतलं. परका माणूस समजून घेण्याच्या नात्यात नसतो. त्याला आपल्या बोटांची सवय नसते, आपल्याला त्याच्या लाजेची नसते. चार लेकरांची आई, दोन सासू-सासऱ्यांचं केलेली सून, या अनुभवाने माणूस धीट होतं हे खरं. पण मला येतं ही खात्रीसुद्धा त्याच अनुभवातून येते, आणि खाटेपाशी ती खात्री अज्ञानापेक्षा घातक ठरू शकते. अज्ञानी माणूस निदान विचारतो.

उशिरा येणाऱ्याकडे मग देण्यासारखं काय असतं? मृत्यू पाहिलेला असतो, त्यामुळे त्याच्या खोलीत गप्प बसता येतं. आपल्याही शरीराने कुरकुर सुरू केलेली असते, त्यामुळे म्हाताऱ्याच्या संथपणाचा राग कमी येतो. नातेवाइकांच्या ओरडण्यामागची भीती ओळखता येते. हे सगळं खरं, पण वयाबरोबर ते येईलच याची हमी नाही. पन्नाशीतली निबर माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत, आणि बावीस वर्षांच्या नर्सने मध्यरात्री धरलेला हात विसरू न शकणारीही. उशिरा शिकणाऱ्याला मात्र एक गोष्ट हमखास वाट्याला येते. आपल्याहून वीस वर्षांनी लहान मुलीकडून चुका दाखवून घ्याव्या लागतात. चादरीला सुरकुती राहिली, परत करा. नाडी अंगठ्याने नाही पाहायची, बोटांनी पाहायची. बँकेत चाळीस माणसांवर अधिकार गाजवलेल्या बाईला हे ऐकून घ्यावं लागतं. मला वाटतं, तिच्या नैतिक प्रश्नाचं निम्मं उत्तर इथे आहे. आपल्या आयुष्याचा अर्थ शोधायला आलेलं माणूस सुरकुतीपाशी थांबायला तयार झालं, की त्या क्षणी तरी त्याच्या अर्थापेक्षा समोरच्याची पाठ मोठी झालेली असते.

बाबा आमटे यांच्या आयुष्यातला एक भाग आपण याच कारणासाठी पुन्हा वाचायला हवा. वरोऱ्याच्या या वकिलाला तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी पावसात पडलेला दिसला, तो त्याला घाबरून पळाला, मग त्या भीतीची लाज वाटून परत फिरला. ही गोष्ट महाराष्ट्रात शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. तिच्यानंतरची गोष्ट तितकी सांगितली जात नाही. बाबा कोलकात्याला आले आणि इथल्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये त्यांनी कुष्ठरोगाचा अभ्यासक्रम केला. तेव्हा त्यांचं वय पस्तिशीच्या आसपास होतं. करुणेचा झटका आलेल्या माणसाने आधी वर्ग गाठला, वही उघडली. आनंदवनाच्या गोष्टीत तुळशीराम आहे तसा हा वर्गही आहे. आपल्याला पहिली घटना जास्त भावते, कारण तिच्यात आपल्याला फक्त हेलावायचं असतं.

आता त्याच वयाची दुसरी एक बाई. माझ्या शेजारच्या घरात आजोबांना सांभाळायला ती कॅनिंग लोकलने येते. सकाळी आठ ते रात्री आठ. नवरा गेल्यावर चव्वेचाळिसाव्या वर्षी तिने हे काम धरलं. कोलकात्यात अशा बायका पुरवणाऱ्या कचेऱ्यांना ‘आया सेंटर’ म्हणतात. पुण्या-मुंबईतला ‘ब्युरो’ तोच. सेंटर तिला घर मिळवून देतं आणि तिच्या रोजातून आपला वाटा कापून घेतं. शिक्षण किती, तर आधीपासून काम करणाऱ्या एका बाईबरोबर चार-सहा दिवस. तरी आजोबांच्या नळीतून अन्न ती देते, पिशवी ती रिकामी करते, श्वास बदलला तर सगळ्यात आधी तिला कळतं. मी एकदा तिला विचारलं, की हे सगळं करताना तुला त्यांच्याविषयी काही वाटतं का. तिने माझ्याकडे जरा नवलानेच पाहिलं. म्हणाली, बारा तास कुणाला काही वाटत राहत नाही दीदी, बारा तास हात चालतो.

ती आणि माझी मैत्रीण जवळजवळ एका वयाच्या. दोघींनी चाळिशीच्या मध्यावर आजाऱ्याच्या खाटेकडे वळायचं ठरवलं. एकीच्या निर्णयाला आपण ‘वेगळी वाट’ म्हणतो, तिच्यावर लेख लिहितो, म्हणजे हा लिहिलाच. दुसरीच्या निर्णयाला निर्णयच म्हणत नाही, गरज म्हणतो. पुसायची पाठ मात्र एकच असते.

आणि एकाच अटीने दोघींना अडवलेलं आहे. रुग्णालयात आपण शिकलेल्या नर्सला ‘सिस्टर’ म्हणतो, बेडपॅन देणारीला ‘मावशी’. बंगालीतही ती ‘मासी’च. दोन्ही नात्याचीच नावं, पण त्यांच्यात उतरंड आहे. सिस्टरच्या हाती तक्ता आणि औषधं, मावशीच्या हाती फडकं. पंचेचाळिसाव्या वर्षी या कामात शिरणारी बाई सिस्टर होऊ शकत नाही, ती थेट मावशी होते. म्हणजे नियमाने प्रौढ बायकांना खाटेपासून दूर ठेवलेलंच नाही. फक्त त्यांना न शिकवता, नोंदणीशिवाय, कमी पैशांत तिथे पाठवायची सोय केली आहे. पाठ साथ देईल का, हा प्रश्न मावशीच्या बाबतीत कुणाला पडत नाही. तिची पाठही त्याच वयाची असते, आणि घरात चादरीसकट उचलायला दुसरं माणूस तिच्या मदतीला नसतं.

हे इतकं सहज का पचतं? त्यामागे ‘सेवा’ या शब्दाचा मोठा इतिहास आहे. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झालं आणि पुढे ससून रुग्णालयाच्या आधाराने तिथल्या बायकांना परिचर्येचं शिक्षण मिळू लागलं. परक्या माणसाला, परक्या जातीच्या माणसाला हात लावायचा, त्याची घाण काढायची, हे तेव्हाच्या वरच्या जातींतल्या घरांना हलकं काम वाटत होतं. विधवांना आणि संसारातून बाहेर पडलेल्या बायकांना त्या कामाकडे आणायचं तर त्याला प्रतिष्ठा देणारा शब्द हवा होता. ‘सेवा’ने ते केलं. त्या शब्दाने कित्येकींना उंबरठा ओलांडू दिला, हे उपकार विसरता येत नाहीत. पण ज्या शब्दाने दार उघडलं तोच पुढे कडी होऊन बसला. सेवा म्हटलं की मोबदला विचारायचा नसतो, तास मोजायचे नसतात, आणि ती शिकावी लागत नाही, कारण ती बाईच्या रक्तात असते असं मानलं जातं. सेवासदनातल्या बायका वर्गात बसून, परीक्षा देऊन शिकल्या, ही गोष्ट त्या शब्दाच्या मागे लपून गेली.

पस्तिशीच्या मर्यादेकडे या उजेडात पाहिलं तर तिची बाजू लंगडी पडते. पाठीचंच घेऊ. आधुनिक हॉस्पिस चळवळ उभी करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स दुसऱ्या महायुद्धात परिचारिका म्हणून शिकल्या आणि पाठीच्या दुखण्यामुळे त्यांना ते काम सोडावं लागलं. तेव्हा त्या पंचविशीच्या आसपास होत्या. पुढे त्या रुग्णालयात सामाजिक काम करू लागल्या, मग वैद्यक शिकून १९५७मध्ये, तिशीच्या अखेरीला, डॉक्टर झाल्या, आणि १९६७मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू झालं. पाठ तपासायची असेल तर पाठ तपासावी, जन्मतारीख पाहून ती कळत नाही. ब्रिटनमध्ये नर्सिंगच्या शिक्षणाला वयाची वरची मर्यादा नाही. अमेरिकेत दुसऱ्या विषयातली पदवी असलेल्यांसाठी वर्ष-दीड वर्षाचे खास अभ्यासक्रम आहेत आणि त्यांत मध्यम वयाची माणसं बसतात.

आपल्याकडेही फार लांब जायला नको. कोझिकोडला १९९३मध्ये सुरू झालेल्या वेदनाशामक उपचारांच्या कामातून केरळात शेजाऱ्यापाजाऱ्यांची जाळी उभी राहिली. शिक्षक, दुकानदार, गृहिणी, निवृत्त माणसं थोडं प्रशिक्षण घेऊन, नर्स आणि डॉक्टरांच्या बरोबरीने घरोघरी जाऊ लागली. २००८मध्ये राज्याने या उपचारांचं धोरण जाहीर केलं. प्रौढांना शिकवता येतं, एवढं तरी त्यातून सिद्ध झालं. आणि परिचर्या परिषदेच्या त्याच नियमात एक फट आहे. आधीच एएनएम किंवा एलएचव्ही असलेल्या बाईला जीएनएमसाठी वयाची अट नाही. म्हणजे खाटेपाशी, गावाच्या वाटेवर घालवलेली वर्षं मोजता येतात हे नियमालाही मान्य आहे. मग आया सेंटरमधल्या बाईची दहा वर्षं का मोजली जाऊ नयेत? तिच्यासाठी पायरीपायरीने चढता येईल असं शिक्षण, त्याची नोंदणी आणि त्याप्रमाणे पगार, ही मागणी करताना मी कुणावर उपकार करा म्हणत नाही. उद्या त्या खाटेवर मी असणार आहे.

मैत्रिणीला मी अखेर जे सांगितलं ते असं. तुझ्या हेतूत तुझी आई आहे, एकटेपण आहे, बँकेतल्या वर्षांचा कंटाळा आहे. ते काढून टाकता येणार नाहीत आणि त्यांची लाज वाटायचं कारण नाही. कांटच्या म्हणण्यातही ‘केवळ’ हा शब्द आहे. आपण एकमेकांच्या उपयोगी पडतो तेव्हा एकमेकांना वापरतोही, फक्त तेवढ्यावर थांबायचं नसतं. हेतू धुऊन स्वच्छ करण्याच्या मागे लागलीस तर पुन्हा स्वतःकडेच पाहत राहशील. त्याऐवजी जिथे मिळेल तिथे शीक. तीन वर्षांचा अभ्यासक्रम मिळत नसेल तर काही महिन्यांचा घे, पण शिकल्यावाचून कुणाच्या अंगाला हात लावू नकोस, आणि पगार नाकारू नकोस. तू फुकट केलंस तर शेजारच्या खाटेपाशी पोटासाठी उभ्या असलेल्या बाईचा रोज पडतो.

तिने घरी रुग्ण सांभाळण्याच्या एका छोट्या अभ्यासक्रमाला नाव घातलं आहे. वर्गात तिच्याहून मोठ्या दोन बायका आहेत, त्यांतली एक आधी पोळ्या लाटायला जायची. जाणं योग्य आहे का, हे तिला अजूनही पुरतं उमगलेलं नाही, आणि मला वाटतं ते एकदाच कायमचं उमगावं असंही नाही. ‘कूस बदलू का?’ असं खाटेवरच्या माणसाला विचारून उत्तरासाठी थांबायचं, तोच प्रश्न दर दोन तासांनी तिथे नव्याने उभा राहणार आहे.